तुंबलेले ड्रेनेज आणि पाण्याचा उलटा मारा

इमारतीचे ड्रेनेज तुंबले की पहिली वर्दी तळमजल्यावर येते. चौथ्या मजल्यावर कोणाची तरी आंघोळ आटोपते आणि तळमजल्याच्या न्हाणीतल्या जाळीतून गुडगुड आवाज सुरू होतो. थोड्या वेळाने त्याच जाळीतून करडे, फेसाळ पाणी वर चढते. वरच्या मजल्यांना काहीच त्रास नसतो, त्यामुळे पहिला तासभर हा प्रश्न एकट्या तळमजल्याचा असतो. मग कोणीतरी नेहमीच्या माणसाला फोन लावते. तो बांबूच्या कामट्या घेऊन येतो, चेंबरचे झाकण उचलतो, दहा-पंधरा मिनिटे ढोसतो. गळ्गळ् करून पाणी उतरते, पैसे दिले जातात. दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

यात त्या माणसाचा दोष नसतो. कामटी किंवा लोखंडी स्प्रिंग बोळ्याला भोक पाडते. पाणी वाहू लागते, पण पाइपच्या भिंतीला चिकटलेला थर जागच्या जागी राहतो. चार इंची पाइपमधली वाट दीड इंचाची झालेली असते आणि त्या दीड इंचाच्या वाटेत पुढचा केसांचा गुंता किंवा काथ्याचा तुकडा अडकायला वेळ लागत नाही.

हा थर मुख्यतः स्वयंपाकघरातून येतो. भांडी घासताना गेलेले तूप, वनस्पती, तळणीचे तेल गरम पाण्याबरोबर मोरीतून सहज खाली उतरते आणि जमिनीखालच्या थंड पाइपमध्ये गोठते. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास घट्ट होते, वनस्पती त्याहून आधीच. म्हणून ‘मोरीत उकळते पाणी ओता’ हा घरोघरीचा सल्ला फारसा उपयोगाचा नाही. चरबी वितळते आणि आपल्या सिंकखालून निघून शेजाऱ्याच्या चेंबरजवळ जाऊन बसते.

पण हा थर म्हणजे नुसते गोठलेले तूप नाही. सांडपाण्यात स्निग्ध पदार्थ फुटून त्यांची आम्ले तयार होतात आणि त्यांचा पाण्यातल्या, तसेच झिजणाऱ्या काँक्रीटमधल्या कॅल्शियमशी संयोग होतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी गटारातल्या अशा गोळ्यांचे पृथक्करण केले, तेव्हा त्यांत कॅल्शियमचा साबणच मोठ्या प्रमाणात सापडला. अंगाला लावायचा साबण सोडियमचा, तो पाण्यात विरघळतो. कॅल्शियमचा साबण विरघळत नाही. तो दगडासारखा कडक होतो आणि त्यात पुसण्याचे ओले कागद, सॅनिटरी पॅड, केस असे काहीही रुतून बसते. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागाखाली असा सुमारे अडीचशे मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. फावडी आणि जोराच्या पाण्याचा मारा, ही त्यांची हत्यारे होती. त्या गोळ्याचा एक तुकडा पुढे लंडनच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवला गेला आणि लोक तो पाहायला गेले.

हा पाण्याचा मारा, म्हणजेच जेटिंग, आता आपल्या शहरांतही रस्तोरस्ती दिसते. टँकरसारखी गाडी, मागे मोठ्या चाकावर गुंडाळलेला जाड होज, आणि चेंबरपाशी उभी असलेली दोन-तीन माणसे. बघणाऱ्याला वाटते की नळी आत घालून समोरच्या बोळ्यावर पाणी मारत असतील. प्रत्यक्षात बहुतेक पाणी मागे मारले जाते, आणि खरी गंमत त्यातच आहे.

होजच्या टोकाला मुठीएवढे धातूचे नोझल असते. त्याच्या मागच्या बाजूला तिरकी छिद्रे असतात, काहींना पुढेही एखादे असते. मागच्या छिद्रांतून पाणी सुटले की नोझल पुढे ढकलले जाते; दिवाळीतले रॉकेट ज्या कारणाने वर जाते त्याच कारणाने. मोठ्या गाडीत दाब साधारण १४० बार, म्हणजे दोन हजार पीएसआय असतो. चार मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला जेमतेम सव्वा बार दाब मिळतो. १४० बारचा दाब नळाला हवा असेल, तर टाकी महाबळेश्वरला आणि नळ समुद्रकिनारी ठेवावा लागेल. इतक्या दाबाचे पाणी छिद्रातून बाहेर पडते तेव्हा त्याचा वेग हिशेबाने ताशी सहाशे किलोमीटरच्या घरात जातो. मिनिटाला दोनशे लिटर पाणी सुटत असेल, तर नोझलला पुढे ओढणारे बल सुमारे पन्नास किलो वजनाइतके भरते. तेवढ्या ताकदीने ते शंभर मीटरचा पाण्याने भरलेला होज आपल्यामागे ओढत नेते.

म्हणूनच काम नेहमी उताराच्या खालच्या चेंबरमधून सुरू करायचे असते. नोझल चढाच्या दिशेने वर जाते, वाटेतला बोळा फोडते. आणि खरी सफाई परतीच्या वाटेवर होते. होज हळूहळू मागे ओढला जातो, तिरके फवारे पाइपची भिंत खरवडत येतात आणि सुटलेला गाळ उताराने खालच्या चेंबरकडे लोटतात. तिथून तो सक्शनच्या नळीने उपसायचा. उपसला नाही, तर तो पुढच्या लाइनमध्ये जाऊन बसतो आणि तक्रारीचा पत्ता तेवढा बदलतो. परतीचा होज घाईने ओढला, तरी काम अर्धवट राहते. अनेक ठिकाणी पाणी उतरल्याबरोबर गाडी हलते, ते याच घाईमुळे.

घरगुती कामाला एवढी गाडी लागत नाही. बोटभर जाडीची नळी आणि मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी देणारा छोटा पंप तीन-चार इंची पाइपला पुरतो. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. दाब कापतो, पण वाहून नेते ते पाणी. छोट्या पंपाचा दाब मोठ्या गाडीइतका असू शकतो. तरी रस्त्याखालच्या नऊ इंची लाइनमधला वाळूमातीचा गाळ तो हलवू शकणार नाही, कारण तेवढे पाणीच त्याच्यापाशी नसते. मोठी गाडी अर्धा तास चालली तर सहा हजार लिटर पाणी जाते. पाणीटंचाईच्या गावात हा आकडा टोचणारा आहे. म्हणून आता उपसलेलेच सांडपाणी गाळून पुन्हा माऱ्यासाठी वापरणाऱ्या रिसायकलर गाड्या आल्या आहेत.

जेटिंगलाही न जमणाऱ्या गोष्टी आहेत. जुन्या चिनी मातीच्या पाइपांच्या सांध्यांतून वड-पिंपळाची मुळे आत शिरतात. फिरत्या नोझलने ती कापता येतात, पण सांधा उघडा राहिला तर ती पुन्हा येतात. फ्लॅटचे नूतनीकरण करताना गवंड्याने मोरीत ओतलेले सिमेंटचे पाणी घट्ट झाले, तर सहसा पाइप बदलावाच लागतो. गंजून पातळ झालेल्या बिडाच्या पाइपवर पूर्ण दाब सोडला, तर पाइपच फुटू शकतो. आणि चढ-उतारच चुकलेला असेल, तर कितीही वेळा मारा केला तरी गाळ त्याच जागी साचणार. चार इंची पाइपला चाळीस फुटांत एक फूट उतार हा जुना ठोकताळा आहे. वर्षातून तीन-चार वेळा तीच लाइन तुंबत असेल, तर पुढच्या जेटिंगचे पैसे आधी आत कॅमेरा सोडण्यावर खर्च करणे शहाणपणाचे.

आता या कामाची आरोग्याची बाजू. गटारातल्या ऑक्सिजन नसलेल्या गाळात राहणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहून कमी असला तरी नाकाला कळतो. पण प्रमाण शंभर भागांवर गेले की वासाची जाणीव करून देणारी मज्जाच बधिर होते. वास थांबतो आणि माणसाला वाटते, वायू गेला. पाचशेच्या पुढे शुद्ध हरपते. हजाराजवळ एक-दोन श्वासांत माणूस कोसळू शकतो. पेशींमध्ये ऑक्सिजन वापरला जाण्याची क्रियाच हा वायू अडवतो. हवेपेक्षा किंचित जड असल्याने तो खड्ड्यात साचून राहतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क त्याच्यापुढे काहीच नाही. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि बातमीत तीन मृत्यू येतात.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सेप्टिक टँकमध्ये असेच तीन कामगार गेले. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विधवांना प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख केली. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही बंदी महापालिकेपुरती नाही. ‘ठेकेदाराने माणूस आणला, आम्हाला काय ठाऊक’ असे म्हणणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीने तो कायदा एकदा वाचलेला बरा.

यंत्र आले म्हणजे हा धोका टळला, असे समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. माणूस वर उभा राहून काम करू शकतो, हे जेटिंगचे सर्वांत मोठे देणे आहे. पण गाळ ढवळला की त्यात आणि पाण्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. म्हणजे मारा चालू असताना आणि त्यानंतर काही काळ चेंबरमधली हवा आधीपेक्षा अधिक विषारी असू शकते. ‘मशीन मारले, आता तळाचा दगड तेवढा हाताने काढ’ हे वाक्य म्हणूनच फार धोक्याचे. ज्या गल्लीत गाडी शिरत नाही, तिथे ते हमखास ऐकू येते.

दुसरा धोका पाण्याचाच. सात-आठ बारचा बारीक फवाराही कातडी भेदू शकतो; इथे त्याच्या पंधरा-वीसपट दाब असतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, रक्तही फारसे येत नाही. आत मात्र गटाराचे घाण पाणी स्नायूंच्या पडद्यांमधून दूरवर पसरलेले असते आणि काही तासांत बोट, हात सुजू लागतो. कामगार पट्टी बांधून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी येतो तो बोट गमावण्याच्या अवस्थेत. ब्रिटनमध्ये जेटिंग करणारे कामगार खिशात एक कार्ड बाळगतात. ही जखम लहान दिसली तरी दाबाच्या पाण्याची आहे, ती शस्त्रक्रिया विभागाला तातडीने दाखवा, असे त्यावर डॉक्टरांसाठी लिहिलेले असते. आपल्याकडे ते निदान तोंडी तरी सांगायला हवे. उडणाऱ्या तुषारांतून उंदरांच्या मूत्रातले लेप्टोस्पायरा जिवाणू डोळ्यांत किंवा खरचटलेल्या त्वचेतून शरीरात जाऊ शकतात; चष्मा, हातमोजे, गमबूट त्यासाठी.

घरात मोरी तुंबली की दुकानातली पावडर ओतली जाते. ती बहुधा कॉस्टिक सोडा असते. पाण्यात पडताच ती तापते, प्लास्टिकचा पाइप मऊ करू शकते, आणि नाहीच उतरली तर पाइपमध्ये दाहक पाणी साचून राहते. नंतर आलेल्या माणसाने जेट सोडला, की तेच पाणी त्याच्या डोळ्यांत उडते. काय ओतले आहे ते त्याला आधी सांगायला हवे. ॲसिडचे तर नावच नको. ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ पडली तर क्लोरीन सुटतो आणि गटारातल्या काळ्या गाळाशी पडली तर तोच हायड्रोजन सल्फाइड, तोही बंद बाथरूममध्ये.

रस्त्यावरच्या लाइनमध्ये मारा चालू असताना खालच्या मजल्यावरच्या कमोडमधून कधी कधी पाणी उसळते, कारण पाण्याबरोबर हवाही ढकलली जाते. त्या वेळेपुरते झाकण बंद ठेवावे आणि संडास वापरू नये. उलटही होते. जोराचा प्रवाह पुढे जाताना हवा ओढतो आणि जाळीखालच्या ट्रॅपमध्ये वास अडवण्यासाठी थांबलेले दोन इंच पाणी शोषले जाते. देशभरातल्या प्लंबिंगच्या पुस्तकांत या ट्रॅपला ‘न्हाणी ट्रॅप’च म्हणतात, आपल्या न्हाणीचा शब्द तिथवर गेला आहे. जेटिंगनंतर घरात अचानक दुर्गंधी सुटली, तर बहुतेक वेळा कारण हेच. गाडी गेल्यावर खिडक्या उघडून प्रत्येक जाळीत एक-एक तांब्या पाणी ओतावे, न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्येही.