प्राणवायूचा दाह आणि शरीरांतील पहारेकरी

जखम धुतांना हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकले कीं पांढरा फेस उसळतो. हा फेस जंतूंमुळें येतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक तो बहुतांशीं शरीरांतल्याच एका पदार्थाचा पराक्रम होय. १८१८ सालीं थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें हा द्रव शोधून काढला, तेव्हांच प्राण्यांच्या मांसाच्या स्पर्शानें त्यांतून प्राणवायु सुटतो, हेंहि त्याच्या ध्यानांत आलें होतें. तो सोडविणाऱ्या विकराला पुढें कॅटलेज असें नांव मिळालें. (विकर म्हणजे एन्झाइम, स्वतः न झिजतां रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन.)

परंतु बाटलींतल्या औषधाची विल्हेवाट लावण्याची सिद्धता शरीरानें आधींपासूनच कां करून ठेवावी? कारण हेंच द्रव्य शरीर अहोरात्र स्वतःहि निर्माण करीत असतें. पेशींतील मायटोकॉन्ड्रिया नांवाच्या सूक्ष्म भट्ट्यांत अन्नाचें ज्वलन होत असतां कांहीं इलेक्ट्रॉन वाटेंतच निसटून प्राणवायूला चिकटतात आणि सुपरऑक्साइड हें उपद्रवी द्रव्य जन्माला येतें. त्याचें रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्यें करणारें विकर म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्यूटेज. याची कथा मौजेची आहे. तांबें असलेलें हें प्रथिन मान व केलिन यांनीं १९३८ सालींच गाईबैलांच्या रक्तांतून वेगळें केलें होतें; पण त्याचें हें कार्य मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनीं अमेरिकेंत १९६९ सालीं दाखवून देईपर्यंत कोणालाहि उमगलें नव्हतें. एकतीस वर्षें पहारेकरी डोळ्यांसमोर होता, पहारा मात्र दिसला नाहीं!

मधुमेहांत या व्यवस्थेची कोंडी होते. साखर फार झाली कीं भट्टींत सरपण अधिक पडतें आणि सुपरऑक्साइडहि वाढतें. त्यांतच, जादा साखरेचें सॉर्बिटॉल बनविणारें अल्डोज रिडक्टेज हें विकर एनएडीपीएच नांवाची शिल्लक खर्चून टाकतें. ग्लुटाथायोन या संरक्षक द्रव्याला पुन्हां ताजें करण्यासाठीं नेमकी तीच शिल्लक लागते. शिवाय साखर प्रथिनांना चिकटते. मधुमेह्यांच्या घरीं ओळखीची झालेली एचबीए१सी तपासणी हें चिकटणेंच हिमोग्लोबिनवर मोजते. पण साखर डिसम्यूटेजलाहि सोडीत नाहीं, आणि तसें झालें कीं त्याचा जोर ओसरतो.

रक्तदाबाची गोष्ट थोडी निराळी. रक्तवाहिनीचें आंतलें अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून तिला सैल ठेवतें. या शोधाला १९९८ चें नोबेल पारितोषिक लाभलें. अँजिओटेन्सिन दोन हें संप्रेरक वाढलें कीं वाहिनीच्या भिंतींतील एनएडीपीएच ऑक्सिडेज हें विकर जागें होतें, आणि त्याचें कामच मुळीं सुपरऑक्साइड बनविण्याचें! तें नायट्रिक ऑक्साइडला इतक्या त्वरेनें गांठतें कीं डिसम्यूटेजहि मागें पडतें. वाहिनी आखडलेली राहते. वर पेरॉक्सिनायट्राइट हें अधिक दाहक द्रव्य तयार होतें तें वेगळेंच. तेव्हां सारींच विकरें रक्षक नव्हेत.

रुग्णांच्या रक्तांत रक्षक विकरें मोजलीं असतां कोठें तीं मंदावलेलीं, तर कोठें उलट वाढलेलीं आढळतात. संकटाच्या आरंभीं शरीर पहारेकऱ्यांची भरती करूं शकतें, हें ध्यानीं घेतलें म्हणजे यांत नवल वाटत नाहीं. पण एवढ्या एका आंकड्यावरून निदान करणें धाडसाचें.

मग जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनीं हा दाह शमवावा, हा तर्क सरळ दिसतो. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या होप नांवाच्या चांचणींत ९,००० हून अधिक लोकांवर तो पारखला गेला. त्यांत मधुमेहीहि पुष्कळ होते. सुमारें साडेचार वर्षें ई जीवनसत्त्व घेऊनहि हृदयविकार वा पक्षाघात यांपासून संरक्षण मिळालें नाहीं. त्याच चांचणींत रामिप्रिल घेणाऱ्यांमध्यें मात्र हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि मृत्यु स्पष्टपणें कमी झाले. हें औषध अँजिओटेन्सिन दोन तयार करणाऱ्या विकरालाच अडवितें.