खग्रास ग्रहणे कायम दिसत राहतील का?

१६ फेब्रुवारी १९८० रोजी कर्नाटक, आंध्र प्रदेश व ओरिसा या राज्यांतील एका अरुंद पट्ट्यातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. दुपारी सूर्यबिंब पूर्ण झाकले गेले आणि त्याच्याभोवतीचा मोत्यासारखा पांढरा किरीट नुसत्या डोळ्यांना दिसला. पुढे २६ डिसेंबर २०१९ रोजी कर्नाटक, केरळ व तमिळनाडूच्या काही भागांत चंद्र पुन्हा सूर्याच्या अगदी मधोमध आला. परंतु या वेळी कडेने सूर्याचे एक तेजस्वी कडे उरलेच. अशा ग्रहणाला कंकणाकृती म्हणतात. सूर्य तोच, चंद्रही तोच. मग एकदा झाकण पुरले आणि एकदा अपुरे पडले, असे का?

उत्तर शोधण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. जाड कागदाची २ सेंटिमीटर व्यासाची चकती कापून खिडकीच्या काचेवर चिकटवा. दुसऱ्या एका पुठ्ठ्याला टाचणीने बारीक भोक पाडा. पौर्णिमेला चंद्र उगवून थोडा वर आला की एक डोळा मिटा आणि दुसऱ्या डोळ्याशी ते भोक धरून चकतीकडे पाहा. चकतीने चंद्र जेमतेम झाकला जाईल इतके मागे सरका आणि डोळ्यापासून चकतीपर्यंतचे अंतर मित्राला मोजायला सांगा. ते २२० सेंटिमीटरच्या आसपास भरेल. याचा अर्थ, चंद्राचे आपल्यापासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे ११० पट आहे. हा प्रयोग सूर्याकडे पाहून मात्र मुळीच करू नका. डोळ्याला कायमची इजा होईल.

आता पुस्तकातील आकडे घेऊन ताळा पाहू. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर व व्यास ३,४७४ किलोमीटर. भागाकार ११० च्या थोडा वर येतो. सूर्याचे सरासरी अंतर १४ कोटी ९६ लाख किलोमीटर व व्यास १३ लाख ९२ हजार किलोमीटर. भागाकार येतो १०७. भागाकार जितका मोठा, तितके बिंब लहान दिसणार. म्हणजे सरासरीने पाहिले तर चंद्रबिंब सूर्यबिंबापेक्षा किंचित लहानच आहे!

मग खग्रास ग्रहण होते तरी कसे? चंद्राची कक्षा दीर्घवर्तुळाकार आहे, म्हणून त्याचा भागाकार १०३ पासून ११७ पर्यंत बदलतो. पृथ्वीची कक्षाही तशीच, पण वर्तुळाला फार जवळची. त्यामुळे सूर्याचा भागाकार १०६ ते १०९ एवढाच हलतो. चंद्राचा आकडा सूर्याच्या आकड्यापेक्षा लहान असेल तेव्हाच खग्रास ग्रहण घडू शकते. १९८० साली चंद्र पृथ्वीजवळ होता. २०१९ साली तो काहीसा लांब होता, आणि डिसेंबरअखेर सूर्य नेहमीपेक्षा जवळ असल्यामुळे त्याचे बिंब मोठे होते.

आपले झाकण असे अगदी काठावर पुरणारे आहे आणि ते हळूहळू लांब चालले आहे. १९६९ ते १९७१ या काळात अपोलो ११, १४ व १५ मोहिमांतील अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण त्यांवर आपटून सुमारे अडीच सेकंदांत परत येतो. हा वेळ अत्यंत अचूक मोजला की अंतर कळते. या मोजमापांवरून असे दिसते की चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे. आपली नखेही साधारण याच वेगाने वाढतात.

चंद्राला दूर ढकलतो कोण? याचे उत्तर आपल्या कोकण किनाऱ्यावर रोज पाहायला मिळते. चंद्राच्या आकर्षणाने समुद्राच्या पाण्याला फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती वेगाने फिरत असल्यामुळे हा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो आणि चंद्राला पुढच्या दिशेने खेचतो. चंद्राला ऊर्जा मिळते व त्याची कक्षा मोठी होते. ही ऊर्जा येते पृथ्वीच्या परिवलनातून. म्हणून पृथ्वीची गिरकी मंदावते आणि शंभर वर्षांत दिवस सुमारे दोन सहस्रांश सेकंदांनी लांबतो.

याला पुरावा काय? झाडाच्या खोडात जशी वर्षाची वलये, तशा काही प्रवाळांच्या अंगावर रोजच्या वाढीच्या बारीक रेषा उमटतात. १९६३ साली अमेरिकेतील जॉन वेल्स यांनी सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या जीवाश्मांवरील रेषा मोजल्या. एका वर्षाच्या वाढीत त्या ४०० च्या आसपास भरल्या! वर्षाचे एकूण तास जवळजवळ तेवढेच असताना दिवस ४००, तर एक दिवस किती तासांचा? भागाकार करा, उत्तर २२ च्या जवळपास येईल.

आता शेवटचा हिशोब. चंद्र सर्वांत जवळ असतानाही त्याचा भागाकार १०९ च्या वर जायचा, तर त्याला आणखी सुमारे २३,००० किलोमीटर दूर जावे लागेल. त्याचे सेंटिमीटर करा आणि ३.८ ने भागा. उत्तर येते सुमारे ६० कोटी वर्षे. हा हिशोब ढोबळ आहे. खंड सरकतात, समुद्रांचे आकार बदलतात, त्याबरोबर चंद्राच्या दूर जाण्याचा वेगही बदलतो. पण शेवट ठरलेला आहे. त्यानंतर पृथ्वीवरून फक्त कंकणाकृती व खंडग्रास ग्रहणेच दिसतील. चंद्राने उघडा केलेला सूर्याचा किरीट कोणालाही दिसणार नाही.

किरीट पाहण्याची संधी आपल्याला मात्र आहे. २० मार्च २०३४ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा लडाखमधून जाईल. त्याआधी २ ऑगस्ट २०२७ रोजी, पावसाळी ढगांनी साथ दिली तर, महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसेल. त्या दिवशी दारे-खिडक्या लावून घरात बसू नका. ग्रहणासाठी मुद्दाम बनवलेला प्रमाणित चष्मा लावून पाहा. काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्म चालणार नाही.

तोवर चकतीचा प्रयोग प्रत्येक पौर्णिमेला करा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. वर्षभरात ते २०५ व २३४ सेंटिमीटरच्या दरम्यान बदलताना दिसतील. चंद्र कधी जवळ येतो आणि कधी लांब जातो, हे तुमची वहीच तुम्हांला सांगेल.