खांब कोणाचा, परवानगी कोणाची?

दूरसंचार मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले आणि सार्वजनिक संस्थेने ६७ दिवसांच्या मुदतीत अर्जाचा निकाल लावला नाही तर परवानगी मिळाली असेच समजले जाईल, हे वाचकांना ठाऊक आहे. फाइव्ह-जीचा वेग, छोट्या अँटेना, गुंतवणूक यांची चर्चाही यथेच्छ झाली आहे. परंतु हा सारा पसारा ज्याच्या अंगाखांद्यावर चढणार, त्या रस्त्याकडेच्या विजेच्या खांबाचा विचार या चर्चेत अभावानेच आढळतो, आणि नागपुरापुरते बोलायचे तर तोच विचार सर्वांच्या आधी व्हावयास हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतवारी, महाल किंवा गांधीबाग येथील एखाद्या बोळात उभे राहून मान वर करून पाहावे. आठ मीटरांचा सिमेंटचा खांब असेल तर त्यातला सुमारे दीड मीटर भाग जमिनीत पुरलेला असतो. उरलेल्या साडेसहा मीटरांच्या शेंड्याला वीजवाहिनी असते. रस्त्याच्या कडेने जाणारी लघुदाबाची उघडी तार जमिनीपासून किमान ५.५ मीटर आणि रस्ता ओलांडणारी ५.८ मीटर उंच असावी, असा दंडक आहे. मालमोटारीची उंची चार मीटरांपर्यंत धरली तर या दोहोंच्या मध्ये जेमतेम दीड मीटरचा पट्टा उरतो, आणि त्यातूनही विजेच्या तारेपासून राखावयाचे सुरक्षित अंतर वजा करावे लागते. याच पट्ट्यात केबलवाल्याची काळी तार, निरनिराळ्या कंपन्यांचे फायबर, पुढेमागे लागेल म्हणून वेटोळे करून बांधून ठेवलेली त्याची शिल्लक, पत्र्याची पेटी, कॅमेरा, शिकवणीवर्गाची पाटी आणि कधीकाळच्या फलकाच्या उरलेल्या सुतळ्या अशी दाटी झालेली असते. त्यात नागपूरचा उन्हाळा. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांवर गेलेला पारा ज्यांना आठवतो, त्यांना नवतप्यात तारांना किती झोल येतो हे निराळे सांगावयास नको.

हा खांब कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सरळ नाही. बहुतेक ठिकाणी खांब महावितरणचा, त्यावरील दिवा महानगरपालिकेचा, खालचा रस्ता कोठे महानगरपालिकेचा, कोठे नागपूर सुधार प्रन्यासाच्या अभिन्यासातला, तर कोठे राष्ट्रीय महामार्गाचा, असा प्रकार आहे. सिव्हिल लाइन्स, महाल आणि गांधीबाग या तीन विभागांतले वीजवितरण २०११ साली खासगी फ्रँचायझीकडे गेले आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते पुन्हा महावितरणकडे आले. म्हणजे मालक तोच राहून खांबांचा कारभार मात्र आठ वर्षे दुसऱ्याच्या हाती होता. महानगरपालिकेचा कायदाही बदलला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळातून वारशाने आलेला नागपूर शहर महानगरपालिका अधिनियम २०१२ साली रद्द झाला आणि राज्यातील इतर बहुतेक महानगरपालिकांना लागू असलेला १९४९ चा अधिनियम येथेही लागू झाला. अर्जदाराने कोणाच्या दारात दरखास्त घेऊन जावे, आणि एका दफ्तराने दिलेला ना-हरकत दाखला दुसऱ्याने किती मानावा, याचा निर्वाळा या सर्व घडामोडींतून मिळाला नाही.

दूरसंचाराच्या मूळ कायद्यात मात्र एक शहाणपण होते. १८८५ च्या तार अधिनियमाच्या दहाव्या कलमाने सरकारला कोणाच्याही मालमत्तेवरून तारा नेण्याचा आणि खांब रोवण्याचा अधिकार दिला, पण जी मालमत्ता स्थानिक संस्थेच्या ताब्यात आहे तेथे त्या संस्थेची परवानगी घेतल्यावाचून पाऊल टाकू नये, असेही त्यातच बजावून ठेवले. बाराव्या कलमाने त्या संस्थेला खर्चाविषयी, कामाच्या वेळेविषयी आणि पद्धतीविषयी वाजवी अटी घालण्याची मुभा दिली. आपल्या पिवळ्या मारबतीची सुरुवातही १८८५ चीच सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा उंच पुतळा जुन्या नागपुरातल्या गल्ल्यांतून निघतो. त्या मार्गावर कोणती तार किती उंचीवर हवी याचे ज्ञान दिल्लीतील मंत्रालयाला असणे शक्य नाही; ते येथील नगरसंस्थेलाच असणार, आणि स्थानिक अटी घालण्याचा अधिकार दिला जातो तो अशाच ज्ञानासाठी. २०१६ च्या मार्गाधिकार नियमांपासून या अधिकाराचा संकोच होत गेला. २०२२ च्या दुरुस्तीने शहरी भागात एका खांबावर छोटी अँटेना बसविण्याचा मोबदला वर्षाला ३०० रुपये आणि तार नेण्याचा १०० रुपये असा बांधून दिला. मनमानी आकारणीला आळा बसला हे चांगलेच झाले, आणि वर्षानुवर्षे मिसल दाबून ठेवणाऱ्या कार्यालयांनीच मानीव परवानगीची पाळी स्वतःवर आणली, हेही मान्य करावयास हवे. परंतु मुदत संपली म्हणून दाखला मिळू शकतो. खांबाची भार पेलण्याची शक्ती मात्र मुदत संपली म्हणून वाढत नाही.

या साऱ्या व्यवहारात ज्याचे मत कोणीही विचारीत नाही तो म्हणजे लाइनमन, ज्याला महावितरण आता जनमित्र या नावाने संबोधते. रात्री वादळात फांदी पडून वस्ती अंधारात गेली की तो शिडी घेऊन येतो, आणि पहिली अडचण अशी उभी राहते की शिडी टेकवावयास खांबाला मोकळी जागाच नसते. वर चढला तर कमरेचा पट्टा वेटोळ्यांमुळे खांबाभोवती नीट फिरत नाही. याहून घातक जी गोष्ट आहे ती डोळ्यांना दिसतच नाही. त्याने रोहित्रावरून पुरवठा बंद केलेला असतो, तारा तपासून भूसंपर्कित केलेल्या असतात, म्हणजे शिस्तीप्रमाणे तो सुरक्षित असतो. पण केबलला आधार देणारी पोलादी तार रोहित्राची हद्द ओळखत नाही. ती शेजारच्या, चालू असलेल्या वाहिनीच्या खांबावरून आलेली असते, आणि तेथे कोठे घासून जिवंत तारेला टेकली असेल तर तेथला विद्युत्प्रवाह ती येथे, बंद केलेल्या खांबावर, किंवा एखाद्या घराच्या गच्चीवर आणून पोचविते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी वीजवाहिनीच्या खांबांवरून जाणाऱ्या संदेशतारेची तुटण्याची ताकद किमान २७० किलोग्रॅम असावी असे ठरविले होते; वादळात ती तुटून खालच्या माणसावर पडू नये, ही त्यामागची चिंता होती. आज खांबाखांबांवर लटकणारी तार त्या कसोटीला उतरते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणत्या कारकुनाच्या किंवा अभियंत्याच्या तक्त्यात नोंदलेली आहे?

मात्र एवढ्यावरून सरसकट केबली कापून टाकणे हा उपाय मला मान्य नाही. टपाल कार्यालयात वर्षावर्षाची नोंदणी करून ज्याने घराघरांत दूरचित्रवाणी पोचविली त्या लहान केबलवाल्याचा संसार त्या तारेवर चालतो, आणि मुलांचा अभ्यास व दुकानदाराचा हिशेब आज फायबरवरच चालतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने भोपाळ शहरात, कांडला बंदरात, दिल्लीच्या विमानतळावर आणि बेंगळुरूच्या मेट्रोत खांबांच्या सामायिक उपयोगाचे प्रयोग करून २०२२ च्या नोव्हेंबरात शिफारशी केल्या. म्हणजे हे काम नीट करता येते. नागपुरात स्मार्ट सिटीच्या निमित्ताने चौकाचौकांत कॅमेरे आणि फायबर बसलेच आहे. हवे आहे ते इतकेच, की प्रत्येक खांबाला क्रमांक असावा, त्या क्रमांकासमोर त्यावर काय काय टांगले आहे याची नोंद असावी, अर्जासोबत खांबाच्या भाराचा तपशील जोडला जावा, आणि त्या भागातील लाइनमनने खांब पाहून दिलेला शेरा असल्याखेरीज मुदतीचा दिवसच मोजावयास सुरुवात होऊ नये.

राहिला पैशाचा प्रश्न. शंभर आणि तीनशे रुपये ही रक्कम एका खांबापुरती क्षुल्लक दिसते, पण शहरभरच्या खांबांची बेरीज क्षुल्लक नाही. विद्युत अधिनियम, २००३ च्या एक्कावन्नाव्या कलमाप्रमाणे वितरण परवानाधारकाने आपल्या मालमत्तेचा पुरेपूर उपयोग करून अन्य व्यवसाय केला तर त्या उत्पन्नाचा काही हिस्सा वहन आकार कमी करण्याकडे लावावा लागतो. म्हणजे महावितरणच्या खांबाच्या भाड्यात बिल भरणाऱ्या ग्राहकाचा वाटा कायद्यानेच ठरलेला आहे, आणि दरवाढीच्या याचिकेवर राज्य वीज नियामक आयोगापुढे हरकती मागविल्या जातात तेव्हा नागपुरातल्या कोणत्याही ग्राहकाला त्या भाड्याचा खांबवार हिशेब मागता येतो.