वाण्याची तागडी



शहरांतल्या मध्यम स्थितीच्या कुटुंबाचा ज्या माणसाशीं महिन्यांतून दहापंधरा वेळां तरी संबंध येतो, तो माणूस म्हणजे वाणी. डॉक्टराचें तोंड आपण आजारीपणांत पाहतों, वकिलाचें भांडणांत; वाण्याचें मात्र साखर संपली कीं पाहतों. असें असूनही त्याच्याविषयींचें आपलें मत बहुधा ऐकीव गोष्टींवर ठरतें. पुण्यांतल्या ज्या वाड्यांत मी वाढलों, तेथें नळावर पाण्याची वाट पाहणाऱ्या बायका पेठेंतल्या सर्व दुकानांची परीक्षा घेत असत. अमक्याकडची तुरडाळ शिजत नाहीं, तमक्याच्या रव्यांत अळ्या निघतात, आणि पलीकडचा तो कांटा मारतो! पहिले दोन आरोप घरीं शिजवून किंवा चाळून ताडून पाहतां येत. डाळ शिजली नाहीं तर ती परतही घेतली जात असे. तिसरा आरोप मात्र कोणी ताडून पाहत नसे. आज मला बोलावयाचें आहे तें या तिसऱ्या आरोपाविषयीं. कारण तो मींही एकदां केला होता.

माझ्या आईची पिढी शेर-पावशेरावर वाढलेली. ८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे आजचे सुमारें ९३३ ग्रॅम. धान्य पुष्कळ ठिकाणीं वजनानें नव्हे, मापानें मिळे: दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर, चार शेरांची एक पायली. मापांत एक गंमत असे. माप हलवून भरलें तर दाणे दाटून बसतात व धान्य अधिक मावतें. अलगद ओतलें तर कमी मावतें. म्हणून शेतकऱ्याकडून घेतांना माप हलविणारा आणि गिऱ्हाइकाला देतांना हलक्या हातानें ओतणारा व्यापारी, मापास हात न लावतांही दोन्हीकडून मिळवीत असे. १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धत आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून तीं वजनें टप्प्याटप्प्यानें लागू झालीं. तरी आई शेवटपर्यंत ‘पावशेर चहा’च मागत असे, आणि दुकानदार न बोलतां पाव किलो देत असे. पावशेराचे होतात २३३ ग्रॅम, पाव किलोचे २५०. वरच्या सतरा ग्रॅमांचे पैसेही आईच देत होती, हें तिला मीं कधीं सांगितलें नाहीं.

आतां तागडीकडे वळूं. कांटा मारणें आणि दांडी मारणें असे दोन वाक्प्रचार आपल्याकडे या एकाच यंत्रापासून आले असावेत असें मला वाटतें. दुसऱ्याचा अर्थ शाळेंत जाऊन वेगळाच झाला. त्याचा अनुभव मला तीस-पस्तीस वर्षे रोज हजेरी घेतांना आला आहे. तागडी म्हणजे मध्यावर टांगलेली तरफ. दोन्ही भुजा सारख्या लांबीच्या असल्या आणि पारडीं सारख्या वजनाचीं असलीं, म्हणजे कांटा मध्यावर येतांच माल वजनाइतका भरला असें समजावें. फसवणुकीच्या ज्या युक्त्या लोकांना ठाऊक आहेत, त्यांतल्या बहुतेक कच्च्या असतात. पारड्याखालीं चिंचेचा गोळा चिकटविला, तर रिकामी तागडी एका बाजूस झुकते आणि चोरी उघडी पडते. रिकामी तागडी पाहण्याची संवय गिऱ्हाइकाला असली म्हणजे पुरे.

खरी फसवी तागडी ती, जी रिकामी असतांना अगदीं सरळ उभी राहते. समजा, एक भुजा २० सेंटिमीटर आहे व दुसरी १९. आंखूड भुजेचें पारडें थोडें जड केलें कीं रिकामी दांडी पातळीला येते. आतां आंखूड बाजूस एक किलोचें वजन ठेवा आणि लांब बाजूस साखर घाला. कांटा मध्यावर येईल तेव्हां साखर भरेल फक्त ९५० ग्रॅम. डोळ्यांना कांहींच दिसणार नाहीं. मात्र याच तागडीला तिची चोरी कबूल करावयास लावतां येतें. वजन व माल यांचीं पारडीं बदला. आतां एक किलोच्या वजनासमोर १०५३ ग्रॅम साखर लागेल. तागडी खरी असेल तर पारडीं बदलल्यानें कांहीं बिघडत नाहीं. खोटी असेल तर लगेच कळतें. त्याहून विशेष म्हणजे खोट्या तागडीवरूनही खरें वजन काढतां येतें. एकच वस्तु दोन्ही पारड्यांत आळीपाळीनें तोलावी, येणाऱ्या दोन आंकड्यांचा गुणाकार करावा व त्याचें वर्गमूळ घ्यावें. हिशेबाची आवड असणाऱ्यांनीं आणखी एक ताडून पाहावें: अशा तागडीवर एक किलो एका पारड्यांतून व एक किलो दुसऱ्या पारड्यांतून तोलून दिला, तर दोन किलोंवर अडीच ग्रॅम अधिक जातात आणि लबाड दुकानदारच फसतो!

हें सारें मला पाठ होतें. तरीही पुढची गोष्ट घडली.

माझे वडील सरकारी कचेरींत कारकून होते. १९७७ च्या डिसेंबरांत राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो ५४ दिवस चालला. पगार बंद. आमचें खातें ज्या दुकानांत होतें, तेथें चिठ्ठी व पिशवी घेऊन मीच जात असें. शेटजी चिठ्ठी वाचीत, माल बांधून देत, लाल बासनांतल्या वहींत आंकडा मांडीत व एक शब्दही बोलत नसत. साखर त्यांनीं कधीं चिठ्ठींत लिहिली होती त्याहून कमी दिली नाहीं. ती बाकी फेडावयास आम्हांला गणपतीपर्यंत वेळ लागला.

१९८६ सालीं मी शाळामास्तर होतों. मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करलेल्या माणसास जेवढें विज्ञान येतें तेवढें मुलांना शिकवीत होतों. सातवीच्या वर्गास तरफेचा पाठ देतांना उदाहरण म्हणून, त्याच सकाळीं शेटजींकडून आणलेली अर्धा किलो साखर मीं शाळेच्या तागडींत ओतली. ४७५ ग्रॅमलाच कांटा मध्यावर आला. एक मुलगा मागच्या बांकावरून म्हणाला, “गुरुजी, वाण्यानें कांटा मारला!” सारा वर्ग हंसला, आणि मी संतापलों.

संध्याकाळीं ती साखर घेऊन मी दुकानांत गेलों. गर्दीची वेळ मीं मुद्दाम साधली होती, हें कबूल केलें पाहिजे. चारपांच गिऱ्हाइकांसमोर मीं म्हणालों, “शेटजी, अर्ध्या किलोंत पंचवीस ग्रॅम कमी!” ते रागावले नाहींत. त्यांनीं साखर आपल्या पारड्यांत ठेवली, समोर अर्ध्या किलोचें लोखंडी वजन ठेवलें. कांटा मध्यावर. मग वजन व साखर दोन्ही उचलून त्यांनीं पारडीं बदललीं. कांटा पुन्हां मध्यावर. वजन उलटें करून त्याच्या पोटांतल्या शिशावरचा निरीक्षकाचा शिक्का दाखविला आणि विचारलें, “मास्तर, शाळेंत पारडीं बदलून पाहिलींत का?”

नव्हतीं पाहिलीं. फळ्यावर आकृति काढून जें मीं मुलांना शिकविलें होतें, तें चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस करून मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत पारडीं बदललीं. त्याच साखरेचे ५२६ ग्रॅम झाले. ४७५ व ५२६ यांच्या गुणाकाराचें वर्गमूळ मुलांकडूनच काढवून घेतलें. तें पांचशेंच्या अगदीं जवळ आलें. मग दांडी नीट तपासली. एका टोकाची कडी केव्हांतरी तुटली होती व दुरुस्तींत ती आंतल्या बाजूस बसली होती. दांडी झुकूं नये म्हणून शिपायानें त्या पारड्याखालीं शिशाचा तुकडा चिकटविला होता. त्या बिचाऱ्यानें तें शाळेच्या भल्यासाठींच केलें होतें.

मी पुन्हां दुकानांत गेलों, त्याच गर्दीच्या वेळीं, आणि सर्वांना ऐकूं जाईल अशा आवाजांत चूक माझी होती असें सांगितलें. शेटजींनीं मान हलविली आणि चिठ्ठीच्या पाठीवर तागडी दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता लिहून दिला. परवानेवालाच माणूस बघा, म्हणाले, नाहींतर शिक्का मिळणार नाहीं. आईनें मात्र आठवडाभर माझ्याशीं धड भाषण केलें नाहीं. संपाचे ५४ दिवस तिला तोंडपाठ होते.

आतां दुकानांत विजेचा कांटा आला आहे. त्याच्या आंत धातूचा एक ठोकळा असतो. भारानें तो केसाएवढा वांकतो, त्याला चिकटविलेल्या तारेचा विद्युत्‌रोध त्याबरोबर बदलतो आणि यंत्र त्याचे ग्रॅम करून दाखवितें. यंत्र नाजूक खरें. पण त्याला पारडें एकच, तेव्हां बदलून पाहण्याची सोय गेली. म्हणून तपासणी वेगळ्या रीतीनें करावी लागते. माल ठेवण्यापूर्वीं आंकडा शून्य आहे ना, हें पाहावें. मिठाईच्या दुकानांत पेटीचें वजन मिठाईच्या भावानें आपल्या माथीं येतें. पेटी ठेवून मग शून्य करावयास सांगावें. वैधमापनाचा कायदा २००९ चा असून तो १ एप्रिल २०११ पासून अमलांत आहे. त्याच्या नियमांप्रमाणें विजेच्या कांट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनीं व लोखंडी वजनांची आणि दांडीच्या तागडीची दर चोवीस महिन्यांनीं व्हावयास हवी. तिचा दाखला दुकानांत दिसेल असा लावावयाचा असतो. तो मागण्यांत दुकानदाराचा अपमान नाहीं. बंद पुडक्यावर निव्वळ वजन व सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असते. त्या किंमतीवर एक पैसाही मागतां येत नाहीं.

आणि दाखला पाहूनही शंका राहिली, तर प्रत्येक दुकानांत मिठाची एक किलोची बंद पिशवी असतेच. ती कांट्यावर ठेवावी. पिशवीचें स्वतःचें वजन धरून आंकडा हजाराच्या जरा वर आला पाहिजे. भरतांना होणारी थोडी कमीजास्त कायद्यानें माफ आहे, म्हणून पांचदहा ग्रॅमांवरून भांडूं नये. पन्नासांचा फरक आला तर मात्र गप्प बसूं नये, आणि गर्दी जमविण्यापूर्वीं दुसरी पिशवीही ठेवून पाहावी.

शेटजी आतां नाहींत. गल्ला त्यांचा मुलगा सांभाळतो. गेल्या दिवाळींत मीं त्याच्याकडे मिठाची पिशवी मागितली व कांट्यावर ठेवली. १००६ आले. त्यानें कारण विचारलें नाहीं, पिशवी उचलून फळीवर ठेवली आणि म्हणाला, “काका, त्या दिवसापासून बाबा रोज सकाळीं दुकान उघडलं कीं पारडीं बदलून बघायचे.”