वाघ पाहणारे आणि मोहफुले वेचणारे

वसंत आला की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत मोहफुले गळू लागतात आणि त्याच सुमारास दूरदूरची मंडळी ताडोब्याला वाघ पाहावयास येऊ लागतात. हा निव्वळ योगायोग नव्हे. पानझडीने रान उघडे पडते, नाले आटतात, आणि उरलेल्या पाणवठ्यांवर वाघाला यावेच लागते. म्हणून उन्हाळ्यात तो हमखास दिसतो.

ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली झाले. पुढे १९८६ साली अंधारी अभयारण्य आणि १९९५ साली दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. भोवतालचा बफर पट्टा त्याहून मोठा, सुमारे ११०० चौरस किलोमीटर. या पट्ट्यात गावे आहेत, शेते आहेत, गुरे आहेत. वाघाला मात्र गाभा कोठे संपला हे ठाऊक नसते.

आता दोन माणसे डोळ्यांपुढे आणावी. एक पहाटे मोहर्लीच्या फाटकातून जिप्सीत बसून आत जातो. वाघाला गाडी सवयीची झालेली असते. तो पाहतो आणि निघून जातो. दुसरी बाई त्याच पहाटे बफरमध्ये किंवा त्याही पलीकडच्या रानात ओणवी होऊन फुले वेचते. मे महिन्यात ती तेंदूपाने तोडते. ७० पानांचा एक पुडा, आणि पुड्यांच्या हिशेबाने मजुरी. झुडपाआड वाकलेले माणूस वाघाला सावजासारखे भासते. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या.

यावर कोणी म्हणेल, त्यांनी रानात जाऊच नये. आम्ही पुष्कळ वर्षे मजुरांत वावरलो आहोत. पोटाला सुट्टी देता येत नाही, एवढे आम्ही जाणतो. उजाडल्यावर जावे, जथ्याने जावे, बोलत राहावे, हे खरेच. परंतु वाघ राखण्याची जोखीम जे सोसतात, त्यांच्या पदरात वाघ दाखविण्याच्या मिळकतीतील न्याय्य वाटा पडला पाहिजे. फाटकावरचे वाटाडे आणि गाडीवान बहुतेक याच गावांतले आहेत. ही सुरुवात चांगली आहे; पण ओणव्या बाईपर्यंत ती अजून पोचावयाची आहे.

तेव्हा श्रोतेहो, ताडोब्याला अवश्य जा. मात्र वाघ दिसला तर, त्याच्या शेजारी कोण राहते, हेही वाटाड्याला विचारा.