१८ मीटरचा यंत्रयोद्धा – विज्ञानाच्या कसोटीवर

विद्यार्थी मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा, की तुमचे वय १५ वर्षे आहे आणि तुमचे गाव पृथ्वीवर नाही. अवकाशातील एका प्रचंड नळकांड्याच्या आतल्या बाजूला ते वसलेले आहे. मान वर करून पाहावे, तर डोक्यावर दूर पलीकडच्या बाजूची घरे आणि शेते उलटी टांगल्यासारखी दिसतात. एके दिवशी शत्रूची दोन अजस्र यंत्रे गावात शिरतात. पळापळीत तुमच्या हाती एक माहितीपुस्तिका लागते. ती वाचत वाचतच तुम्ही १८ मीटर उंचीच्या एका नव्या यंत्रात शिरता आणि लढू लागता. पहिल्या शत्रूयंत्राचे दोन तुकडे होतात. पण त्याचा स्फोट होऊन नळकांड्याच्या भिंतीला भोक पडते. बाहेर धावणाऱ्या हवेबरोबर एक माणूस अवकाशात फेकला जातो. तो तुमचा बाप असतो!

‘मोबाइल सूट गंडम’ या जपानी चित्रमालिकेचा हा पहिला भाग. अशा सचेतन चित्रमालिकांना जपानमध्ये ‘ॲनिमे’ म्हणतात आणि ज्यांत महाकाय यंत्रे लढतात, त्या प्रकाराला ‘मेका’. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका ७ एप्रिल १९७९ ते २६ जानेवारी १९८० या काळात दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. ती कोणत्याही पुस्तकावरून घेतलेली नव्हती. खास दूरचित्रवाणीसाठीच रचलेली होती. तिच्यापूर्वीच्या यंत्रमानवांच्या मालिकांत नायकाचे यंत्र जवळजवळ देवासारखे अजिंक्य असे. गंडममध्ये मात्र यंत्र हे केवळ यंत्र आहे. त्याचे इंधन संपते, ते नादुरुस्त होते आणि कारखान्यात तशीच दुसरी यंत्रे तयार होतात.

या मालिकेत विज्ञान कोठे टिकते आणि कोठे कोसळते, हे आपण पाहू.

नळकांड्यातील गाव

प्रथम जमेची बाजू. हे नळकांडे लेखकांनी मनाने रचलेले नाही. जेरार्ड ओनील या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांनी १९७४ साली अवकाश-वसाहतींवर एक लेख प्रसिद्ध केला आणि १९७६ साली त्यांचे या विषयावरचे पुस्तक निघाले. त्यांच्या सर्वांत मोठ्या वसाहतीचा व्यास सुमारे ६.४ किलोमीटर आणि लांबी सुमारे ३२ किलोमीटर होती. तेथे गुरुत्वाकर्षण कोठून आणायचे? नळकांडे स्वतःभोवती फिरवायचे. पाण्याने भरलेली बादली वेगाने गोल फिरवली, की ती उलटी झाली तरी पाणी सांडत नाही, हे तुम्ही करून पाहिले असेल. तत्त्व तेच. गणित केले, तर ३.२ किलोमीटर त्रिज्येच्या नळकांड्याला एक फेरा घेण्यास ११४ सेकंद लागले पाहिजेत, म्हणजे आतल्या माणसाला पृथ्वीवरच्याइतकेच वजन जाणवेल. दोन मिनिटांनाही जरा कमी!

या वसाहती ठेवल्या आहेत त्या जागाही खऱ्या आहेत. पृथ्वी आणि चंद्र यांच्या संदर्भात स्थिर राहता येईल असे पाच बिंदू आहेत. त्यांना लाग्रांज बिंदू म्हणतात. सूर्य आणि पृथ्वी यांच्या जोडीलाही असेच पाच बिंदू असतात. त्यांपैकी पहिल्या बिंदूभोवतीच्या कक्षेत आपल्या इस्रोचे ‘आदित्य-एल१’ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पोहोचले. गंडममधील बंडखोर वसाहत चंद्राच्या पलीकडच्या बिंदूपाशी, पृथ्वीपासून सर्वांत दूर आहे. कथेतील राजकारण असे भूगोलातून, किंबहुना खगोलातून उगवते.

आता त्या भोकाचा विचार करू. भोक १० मीटर व्यासाचे आहे असे धरा. त्यातून हवा फार तर ध्वनीच्या वेगाने बाहेर पडेल. त्याच्या अगदी जवळ उभा असलेला माणूस बाहेर फेकला जाईल, हे बरोबर. पण वसाहतीचे घनफळ सुमारे १००० घन किलोमीटर आहे. ढोबळ गणिताने, या गतीने सारी हवा निघून जाण्यास दोन वर्षांच्या आसपास लागतील. भोकापासून १०० मीटर अंतरावर तर झुळूकही जेमतेमच जाणवेल. म्हणजे माणसांना सावध करून भोक बुजवण्यास भरपूर अवधी आहे.

एक खोटे, पण नियमाने वागणारे

दुसरी जमेची बाजू अधिक महत्त्वाची आहे. मनात शंका येते, की क्षेपणास्त्रांच्या युगात एवढ्या मोठ्या यंत्रांनी हातघाईची लढाई करावीच कशाला? रडारवर ती दुरूनच दिसतील आणि दुरूनच उडवता येतील. यावर लेखकांनी ‘मिनोव्स्की कण’ नावाची वस्तू कल्पिली. हे कण पसरले, की रडार आंधळे होते आणि दूरनियंत्रित अस्त्रे निकामी ठरतात. मग शत्रूला डोळ्यांनी शोधून जवळ जावे लागते. असे कण निसर्गात नाहीत. पण लेखकांनी एक खोटी गोष्ट मागून घेतली आणि युद्धाची सारी रीत तिच्यावर उभी केली. चांगल्या विज्ञानकथेची ही रीतच आहे. भूमितीत आपण एखादी गोष्ट ‘समजा’ म्हणून धरतो आणि पुढे तिच्याशी प्रामाणिक राहतो, तसेच हे.

हत्ती मुंगीसारखा का नसतो?

आता उणी बाजू पाहू. गॅलिलिओने १६३८ सालीच सांगून ठेवलेली गोष्ट ही मालिका विसरते. एखाद्या वस्तूची उंची १० पट केली, तर तिच्या हाडांच्या छेदाचे क्षेत्रफळ १०० पट होते. पण घनफळ, आणि म्हणून वजन, १००० पट होते. १०० पट मजबूत पायांवर १००० पट ओझे! म्हणून हत्तीचे पाय खांबासारखे जाड असतात आणि मुंगीचे पाय धाग्याएवढे बारीक असले तरी चालतात.

गंडमची उंची १८ मीटर, म्हणजे १.८ मीटर उंच माणसाच्या बरोबर १० पट. माणूस ७० किलोग्रॅमचा धरला, तर तशाच बांध्याचा गंडम ७० टनांचा होईल. माणसाची घनता जवळपास पाण्याएवढी असते, म्हणून त्याचे घनफळ ७० घनमीटर धरू. मालिकेच्या माहितीनुसार गंडमचे वजन रिकामे असताना ४३.४ टन आणि पूर्ण सज्ज असताना ६० टन आहे. म्हणजे चिलखत घातलेला हा योद्धा पाण्याहून हलका झाला! समुद्रात पडला, तर तो लाकडाच्या ओंडक्यासारखा तरंगेल. मालिकेत मात्र तो पाण्याखाली जाऊन लढतो.

त्याच्या चालण्याचाही विचार करा. चालताना आपली कंबर दर पावलाला सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर वर-खाली होते. गंडममध्ये ती ४० ते ५० सेंटिमीटर होईल. त्याने आपल्याइतक्याच भरभर पावले टाकली, तर आत बसलेल्या चालकाला १० पट जोराचे हिसके बसतील. हिसके टाळायचे, तर पावले सावकाश टाकली पाहिजेत. लंबकाची लांबी १० पट केली, की त्याचा आवर्तकाल सुमारे ३.२ पट होतो. पायालाही हाच हिशेब लागू पडतो. आणि गंडम अडखळून पडला तर? १० मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. लढाईत असे किती वेळा पडायचे?

असा घोटाळा का झाला? लेखकांना गणित येत नव्हते म्हणून नव्हे. सुरुवातीची कल्पना माणसाने अंगात घालावयाच्या यांत्रिक पोषाखाची होती. रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन लेखकाच्या १९५९ सालच्या कादंबरीवरून ती सुचली होती. परंतु मालिकेचा खर्च खेळणी बनवणारी कंपनी करीत होती आणि खेळणी खपायला महाकाय यंत्रमानव हवा होता.

पुढे या यंत्राची खरीखुरी परीक्षाही झाली. योकोहामा येथे १८ मीटर उंचीचा, हलणारा गंडम उभारण्यात आला आणि १९ डिसेंबर २०२० ते ३१ मार्च २०२४ या काळात लोकांनी तो पाहिला. तो हात हलवी, बोटे मिटी, पाय उचली. त्याचे वजन २५ टनांच्या आसपास ठेवले होते. तरीही त्याच्या कमरेला मागून एका भक्कम लोखंडी सांगाड्याने धरलेले होते. स्वतःच्या पायांवर सारा भार घेऊन तो कधीच चालला नाही. गॅलिलिओचे म्हणणे खरे ठरले.

मग ही मालिका टिकली कशी?

प्रथम ती टिकलीच नाही. प्रेक्षक कमी मिळाले, म्हणून ५२ भागांची मालिका ४३ भागांतच गुंडाळावी लागली. पण पुनःप्रक्षेपणात तिला प्रेक्षक लाभले. जुलै १९८० मध्ये १४४ पट लहान, म्हणजे १२.५ सेंटिमीटर उंचीची, जोडून तयार करण्याची प्रतिकृती ३०० येनला बाजारात आली आणि मुलांच्या रांगा लागल्या. १९८१ व १९८२ साली या मालिकेवरून तीन चित्रपट निघाले.

याचे कारण यंत्रात नाही, माणसांत आहे. एका महिन्याच्या युद्धात निम्मी मानवजात मेली, हे मालिका सुरुवातीलाच सांगते. नायक आमुरो लढण्यास कंटाळतो, पळूनही जातो. शत्रूच्या सैनिकालाही घर असते, हे त्याला आणि आपल्याला दिसते. शेवटी शेवटी काही माणसे एकमेकांचे विचार थेट जाणू लागतात. हे विज्ञानात बसत नाही; पण एकमेकांना समजूनही ती एकमेकांना मारतात, हे दुःख खोटे वाटत नाही.

तेव्हा मित्रांनो, विज्ञानकथा पाहताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा. लेखकाने कोणती एक गोष्ट ‘समजा’ म्हणून मागितली आहे, ते आधी ओळखा आणि ती त्याला देऊन टाका. नंतर मात्र उंची, वजन, वेग यांचा हिशेब मागा. चूक सापडली म्हणून कथा टाकून देऊ नका. ती कोठे चुकली हे शोधता शोधता तुमचा एक धडा पक्का होतो. पहिला प्रश्न आम्हीच देतो: तुमच्या शाळेतील सर्वांत उंच विद्यार्थी गंडमएवढा वाढला, तर त्याचे वजन किती होईल आणि त्याच्या एका पायावर किती भार येईल? उत्तर काढा आणि वर्गात शिक्षकांना दाखवा.