उलटे बसवलेले दगड

नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहराचा मुख्य चौक म्हणजे ग्रोटे मार्क्ट. बाजूला उंच मनोऱ्याचं चर्च, समोर कॅफेंच्या खुर्च्या आणि पायाखाली जुनी, खडबडीत दगडी फरसबंदी. पर्यटकांना ती देखणी वाटायची. वॉकर ढकलत येणाऱ्या आजींना मात्र धास्तीच. फटीत चाक अडकतं, पाय मुरगळतो. पडायची भीती एकदा मनात बसली की आधी चौकातली कॉफी सुटते, मग बाजार, आणि हळूहळू ओळखीची माणसंही.

यावर शहराने शोधलेला तोडगा भन्नाट होता. दगड उपटले, कापले आणि सपाट बाजू वर करून पुन्हा बसवले. दगड तेच, चौकाचं रूप तेच, चालणं मात्र सुखाचं! 800हून अधिक दुकानं आणि कॅफेही तपासले, चाकाची खुर्ची आत जाते का म्हणून. युरोपीय आयोगाने 2019चा ‘अ‍ॅक्सेस सिटी’ पुरस्कार ब्रेडाला दिला. पुरस्कार अपंगांसाठीच्या सोयींबद्दलचा. पण म्हातारपणी गुडघ्यांना या सोयी लागतातच.

याच शहरात बेगेनहोफ आहे. पुणेकराला वाडा आठवावा अशी रचना: मधोमध औषधी वनस्पतींची बाग, भोवती छोटी घरं. 1267मध्ये धार्मिक वृत्तीच्या एकट्या स्त्रियांसाठी ही वसाहत सुरू झाली. आजच्या जागी ती 1535मध्ये आली. त्या परंपरेतली शेवटची स्त्री 1990मध्ये वारली, तरी आजही इथे एकट्या राहणाऱ्या बायकाच राहतात. दार उघडलं की समोर बाग, आणि बागेत कोणीतरी असतंच. भेटायचं ठरवावं लागत नाही.

शहराबाहेर गोष्ट वेगळी. जिथे मोठी बस परवडत नाही, तिथे ‘बुर्टबस’ म्हणजे शेजारबस धावते. आठ प्रवाशांची ही छोटी गाडी साध्या परवान्यावर चालवता येते, म्हणून गावातलेच स्वयंसेवक, बरेचदा निवृत्त मंडळी, चालक होतात. 1977पासून हे चाललंय. एकट्या पडलेल्यांना दोन शब्द बोलता यावेत म्हणून ब्रेडाच्याच प्रांतातल्या फ्लायमेन गावात युम्बो या सुपरमार्केटने 2019मध्ये ‘गप्पांचा गल्ला’ उघडला. तिथे रांग सावकाश सरकते, मागचा माणूस चिडत नाही. पण त्या गल्ल्यापर्यंत पोचायचं तर नीट पदपथ हवा, नाहीतर बस.

आपल्याकडे महाराष्ट्रात 2022पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे. अनेक आजी-आजोबा त्यामुळे लेकीकडे, देवदर्शनाला निघाले. तिकिटाचा प्रश्न सुटला. पण बऱ्याच गाड्यांची पहिली पायरी चढताना अजूनही वाहकाचा हात धरावा लागतो.